तुटक रेघ

दि. ९, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. ‘तीर्थस्वरूप’ लिहिणार होते, पण त्या शब्दाने तुझं वय दहा वर्षांनी वाढतं, म्हणून खोडलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडता टेबलावर ठेवशील, हे मला माहीत आहे. ठेव. पण चहा झाल्यावर फोड.

इकडे आईचा गुडघा आणि आईचं तोंड, दोन्ही चालू आहेत. गुडघा जरा हळू. वहिनीने पाठवलेला स्वेटर ती आल्यागेल्याला दाखवते आणि “मुलगा काही स्वतः येत नाही” असं पुटपुटते. तुझी सायकल मी वापरते. घंटी सोडून तिचं सगळं वाजतं.

मी आता नकाशा विभागात नाही. गळती शोधणाऱ्या तुकडीत आहे. गळ्यात यंत्र अडकवून दिवसभर रस्त्याच्या कडेने चालायचं. झाकणं, भेगा, मीटर, सगळं हुंगायचं. नाक यंत्राचं, पाय माझे. लोक विचारतात, “ताई, काही हरवलंय का?” पहिल्या आठवड्यात पायांना फोड आले. आता बरं वाटतं. तेरा वर्षं ज्या गल्ल्या कागदावर काढल्या, त्या पहिल्यांदाच धड बघते आहे.

दोन महिन्यांपूर्वी जनसुनावणी झाली. तुला काय सांगायचं, शहरात घरोघरी गॅस पोचवणारी कंपनी आपली एकटीच, म्हणून तर डोक्यावर आयोग बसवलाय. दर वाढवायचे तरी त्यांना विचारा, पाइप बदलायचे तरी विचारा. या वेळी आपण उरलेले सगळे बिडाचे पाइप बदलायची परवानगी मागितली होती. बेकरीमागच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. म्हणाल्या, “आमचा पाइप बदललाय असं तुमचा नकाशा मागेही म्हणत होता. गॅस सुटला, आम्ही सगळे पोराबाळांना घेऊन रस्त्यावर, आणि खाली निघाला जुनाच पाइप! मग या नकाशावर आता विश्वास कसा ठेवायचा?”

आपले साहेब म्हणाले, “ती एका निवृत्त पर्यवेक्षकाची वैयक्तिक चूक होती.”

मी तिसऱ्या रांगेत फायली धरून बसले होते.

दादा, इतका वेळ मी गुडघा आणि सायकल यांच्या आडून फिरते आहे. आता लिहिते. त्या गल्लीचं काम झालं तेव्हा जागेवर काढलेला कच्चा नकाशा तू मला दिलास. बेकरीपासून वळणापर्यंत सलग रेघ, म्हणजे पाइप बदलला. वळणापुढे तुटक रेघ, म्हणजे अजून बाकी. पक्का नकाशा शाईने काढताना मी हात न उचलता रेघ शेवटपर्यंत ओढली. त्या दिवशी अकरा नकाशे हातावेगळे करायचे होते, एवढंच कारण. माझ्यावर भरवसा ठेवून तू सही केलीस.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. चौकशीच्या दिवशी आत जाण्याआधी तू मला विचारलंस, “माझा कच्चा नकाशा सापडला का गं?” मी म्हणाले, “नाही.” तो सकाळीच सापडला होता. माझ्या पिशवीत होता.

तू माझ्याकडे पाहिलंस, “बरं” म्हणालास आणि आत जाऊन सांगितलंस, “सही माझी, चूक माझी.” शेवटची दोन वर्षं तुला भांडारात बसवलं. निरोप समारंभालाही तू गेला नाहीस. मी नोकरीत कायम झाले नव्हते, आई आजारी होती, ही कारणं मी नंतर जमवली. खरं कारण भीती. त्या “बरं”नंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि मीही ‘दादा मुळातच रागीट’ म्हणून स्वतःची सोय करून घेतली.

तर सुनावणीत मी उभी राहिले. म्हटलं, “पर्यवेक्षकांचा नकाशा बरोबर होता. रेघ मी चुकवली आणि कागद मी लपवला.” इतकी वर्षं तो आईच्या औषधांच्या फायलीत होता. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं, “असे आणखी किती?” कुणालाच माहीत नव्हतं. परवानगी अडली. आधी सगळे कच्चे नकाशे पक्क्यांशी ताडून बघा, म्हणाल्या. तीन आठवडे आम्ही तेच केलं. आणखी चार ठिकाणी तुटक रेघेची सलग झालेली निघाली. त्यांतल्या दोन माझ्या. मग परवानगी मिळाली, आणि त्या चारही ठिकाणी आता नवा पिवळा पाइप पडतो आहे, काही व्हायच्या आधी! हे लिहिताना मला रडूही येतंय आणि हसूही.

माझी बढती गेली, टेबल गेलं, नोकरी राहिली. केलं त्या मानाने स्वस्तात सुटले. आयोगाच्या आदेशाची प्रत सोबत आहे. सहावा परिच्छेद वाच: ‘पर्यवेक्षकाने जागेवर काढलेला नकाशा अचूक होता.’ आईला मोठ्याने वाचून दाखवला. “त्याचा अचूक असणारच,” एवढंच म्हणाली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी न विचारता माझं पान वाढलं.

बेकरीमागच्या गल्लीत तेव्हा नुसती डागडुजी झाली होती; सोमवारी, २२ तारखेला, तिथे नवी लाइन सुरू होते. तुझाच नियम पाळणार आहोत: गॅस सोडण्याआधी प्रत्येक घराचा व्हॉल्व्ह बंद आहे का, ते हाताने फिरवून बघायचं. एक घर राहिलं तरी सगळी गल्ली थांबते. एकतीस घरं आहेत. शेवटचं त्या शिक्षिकाबाईंचं. त्या विचारत होत्या, “ते पर्यवेक्षक येतील का हो?” मी म्हटलं, विचारते.

तीस घरं मी बघेन. एकतिसाव्यासाठी दहा वाजेपर्यंत तुझी वाट बघेन. मग मात्र मीच बघेन, कारण लोकांचा स्वयंपाक खोळंबता कामा नये, हेही तूच शिकवलंस.

दादा, मला माफ कर. तुझी फार आठवण येते. सायकलची घंटी दुरुस्त करून ठेवते.

आणि तू विचारलं होतंस ना? हो, दादा. तुझा कच्चा नकाशा सापडला.

तुझी,
शेंडेफळ