पाचही डबे एकाच भिंतीवर

बोगदा कॅम्प, हिमाचल
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
धाकट्या रतनचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे. थंडी सुरू झालेय, पाणी दाताला लागतं. हे पत्र बाबांच्या हुकमावरून लिहितोय. रविवारी ऑफिसच्या मागे रेंज येते, मी फोन लावतोही, पण बाबा हॅलो म्हणतात आणि फोन सरळ आईच्या हातात. वर तिच्याकडून निरोप, की फोनवर माणूस खोटं बोलतो, पत्रात पकडला जातो, म्हणून पत्र लिही. हे त्यांना एकदम कुठून सुचलं? मला डाऊट येतो. माझ्यावर राग असेल तर तसं सरळ कळव.

दुसरा डाऊट तुझ्या त्या विनीतवर. "तुझ्या" लिहिलं म्हणून लाजू नको. टिटवाळ्याचं स्थळ, मुलगा ठाण्यात स्पीकरच्या दुकानात, इथपर्यंत ठीक. पण बाबा रिटायर झाले म्हणून होम थिएटर मी देतोय, तर चॉईस माझा. मी छातीएवढे उभे स्पीकर सांगितलेले. बिल्डिंगला कळायला नको, गुणाजींच्या पोराने काय पाठवलंय ते? आणि हा बोलतो, हॉल लहान आहे, सॅटेलाईट स्पीकर घ्या. सॅटेलाईट आकाशात असतो ना? मग गच्चीवर छत्री लावणार काय? फोटो बघितला तर मिठाच्या बरणीएवढे पाच डबे. त्यातून आवाज येणार कुठून? आत नुसता कापूस असेल.

आई सांगत होती, बाबांनी तुझ्या लग्नाला अट घातलेय, रतन हो म्हणाला तरच. मी अजून हो म्हटलेलं नाही, लक्षात ठेव.

आईला नमस्कार. लोभ आहे तो पातळ करू नको.
तुझा,
रतन


मानपाडा, डोंबिवली पूर्व
२६ ऑक्टोबर २०२४

चि. रतन यास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून नववीतच आहे, शाळा सोडलीस त्या दिवशी जिथे होतं तिथे. तुझं पत्र आईने वाचलं आणि तशीच उठून सोसायटीच्या त्र्यंबककाकांकडे गेली, गच्चीवर छत्री लावायची परवानगी मागायला. ते म्हणाले, दिवाळीनंतर मीटिंगमध्ये घेऊ. आता त्यांना कोण सांगणार की छत्री नाहीच? अरे, धमक देणारा एक मोठा खोका जमिनीवर असतो आणि हे छोटे डबे त्याच्याभोवती, म्हणून ते सॅटेलाईट. दोन पुढे, दोन मागे, एक टीव्हीखाली. मी ऐकलेत. आत कापूस नाही.

पण रतन, तुझ्या डाऊटची लागण मलाही झालीय. विनीत सेट लावायला आला तेव्हा मी आणि आई चकलीच्या तळणात होतो. मी दारातून डोकावत होते. एकेका डब्यातून "शू" असा आवाज येत होता आणि कुठून आला ते बाबांनी बोटाने दाखवायचं. बाबा दर वेळी उजवीकडेच दाखवायचे. म्हणाले, डावीकडचे डबे मेलेत. विनीतने ते बदलून दुसरे लावले. पुन्हा तेच. मग तो थोडा वेळ बाबांकडे बघत राहिला आणि मला म्हणाला चहा मिळेल का. मी चहा घेऊन आले तर पाचही डबे उजव्या भिंतीवर.

मी विचारलं तर विनीत म्हणाला, डावी भिंत ओली आहे. तो गेल्यावर मी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत. त्यानंतर तो दोनदा येऊन गेला, सेटिंग करायचं म्हणून, आणि माझ्याशी धड बोललाही नाही. ज्याच्याशी लग्न करायचं तो पहिल्याच महिन्यात खोटं बोलतो, हे मी कुणाला सांगू? फोटो मोबाईलवर पाठवते, तूच बघ.

जपून राहा. फराळ पार्सलने येतोय, वाटून खा आणि ताईची आठवण ठेव.
सोनल


बोगदा कॅम्प
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
रतनचा शि. सा. नमस्कार.

फराळ पोचला. चकल्यांचा चुरा झाला, तरी पोरांनी चमच्याने खाल्ला.

फोटो बघितला. मी अडाणी, पण आवाज चारी बाजूंनी यायला पाहिजे एवढं मलाही कळतं. आणि आपल्या घरात पाच डबे एकाच भिंतीवर, बस थांब्यावर माणसं उभी असतात तसे. टीव्ही समोर, आणि तुम्ही खुर्चीत वाकडे, तोंड डाव्या भिंतीकडे. माझी वस्तू बघायचीसुद्धा नाही, एवढा राग?

का तो माणूस तुम्हाला काही पढवतो? पहिले डबे खराब, दुसरे खराब, मग भिंत ओली. भिंत कोरडी आहे, ताईने हात लावून बघितलाय. माल सडका आहे आणि तो लपवतोय. जो स्पीकरमध्ये फसवतो तो ताईला काय सुखात ठेवणार?

माझं उत्तर नाही आहे. त्याला घरात घेऊ नका. त्याच्या मालकाला मी पत्र लिहायला घेतलंय.

रागात लिहिलंय, पण पायांवर डोकं आहेच.
रतन


मानपाडा
२० नोव्हेंबर २०२४

चि. रतन यास,
गुणाजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र सोनलने वाचलं आणि दोन दिवस धड जेवली नाही. आई माझ्याकडे बघते आणि मी टीव्हीकडे.

विनीतला मी येऊ नको म्हणणार नाही. डबे उजव्या भिंतीवर लावायला मीच सांगितले. माझं घर, माझी भिंत. तो म्हणत होता, असं लावलं तर सेट वाया जाईल, दुकानातले बघतील तर हसतील. तरी लावले. ओल्या भिंतीचं खोटंही तो माझ्यासाठी बोलला. का, ते विचारू नकोस. तो मुलगा तोंड मिटायचं जाणतो. मालकाला लिहिलंस तर त्याची नोकरी जाईल, आणि तरीही तो काही सांगणार नाही. मग सोनलचं काय करायचं ते तू सांग.

राग मला तुझा नाही. तू चार कामं सोडलीस, हे पाचवं. सोडून पळत यायला तुला निमित्त लागतं, ते मी होणार नाही, एवढंच. बोगद्यात कानात बोळे घालतोस की नाही ते कळव. आमच्या कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर कोणी घालत नसे. बायकी वाटायचं.

तब्येत सांभाळ. घराचा जीव तुझ्याकडे लागलेला असतो.
बाबा


बोगदा कॅम्प
४ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
रतनचा शि. सा. नमस्कार. हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा, ताईच्या हातात देऊ नका.

बोळे घालत नव्हतो. गेल्या आठवड्यात सुरुंग उडाला तेव्हा मी जरा जवळ होतो. लागलं काही नाही, पण डावा कान बंद. आत नुसती शिट्टी. बाहेर येऊन बसलो तर गोविंदा, माझा जोडीदार, चंद्रपूरचा, डावीकडून चहासाठी हाका मारत होता. मला पत्ताच नाही. तो चिडून समोर आला, म्हणाला, भाव खातो काय रे? तो काय बोलतो ते कळावं म्हणून माझी मान आपोआप डावीकडे वळली, उजवा कान पुढे. आणि मी तसाच राहिलो, बाबा. ही मान मी फोटोत बघितलेली.

मग एकेक जुळत गेलं. मी लहानपणी कंपनीत तुमचा जेवणाचा डबा द्यायला यायचो तेव्हा प्रेस तुमच्या डाव्या हाताला असायची. फोन आईकडे का जातो, पत्र का पाहिजे, तुमचं बोट उजवीकडेच का गेलं. विनीतला पहिल्या दिवशीच कळलं. मी पोरगा असून भिंतीवर संशय घेत बसलो.

माझा कान दुसऱ्या दिवशी उघडला. तुमचा उघडला नाही.

मालकाचं पत्र टाकायचं राहिलेलं, ते फाडलं. माझं उत्तर हो आहे. साखरपुड्याची तारीख काढा. डबे आहेत तिथेच राहू द्या, कोण हसतं ते मी बघतो. पण कानाच्या डॉक्टरकडे जायचं, विनीतला घेऊन जा, तो कोणाला बोलणार नाही. मात्र ताईला आणि आईला तुम्ही स्वतः सांगा. ताई बिचारी अजून कोरड्या भिंतीला हात लावून बघत असेल.

मी काम सोडत नाही. रजा टाकलेय, साखरपुड्याला येईन आणि परत इथेच येईन. बोळे घालतो आता. घरी आलो की तुमच्या उजव्या हाताची खुर्ची माझी. जावयाला बसायचं तर माझ्या पलीकडे.

रविवारी फोन करणार नाही, पत्रच लिहीन. फोनवर माणूस खोटं बोलतो आणि पत्रात पकडला जातो, हे तुमचं खरं निघालं.

तुमचा,
रतन