पानातली लाट

४ मार्च
धाकट्या जावेनं आज अख्ख्या प्रयोगशाळेला वेड लावलं. अंधार केला, रोप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, एक पान चिमट्यानं चुरगाळलं — आणि हिरवा उजेड त्या पानातून देठात, देठातून पलीकडच्या पानात चालत गेला! जखम एका पानाला, सावध झालं सगळं रोप. रोपात मुद्दाम घातलेलं प्रथिन पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकतं, एवढंच. मी हेच इतकी वर्षं आकड्यांत मोजते आहे. तिनं डोळ्यांना दाखवलं.
आमच्या प्रमुख मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर कधी? आठवत नाही.

५ मार्च
घरी तिनं सासूबाईंना मोबाईलवर तेच दाखवलं. त्यांनी पुन्हा लाव म्हणून सांगितलं. मी करते काय, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. मी भांडी घासत होते.

११ मार्च
तिला इथे चिकटवलं मीच. नवरा म्हणाला होता, वहिनी वहिनी करत तुझ्या मागे फिरेल. फिरते. आता सगळेच मला वहिनी म्हणतात — शिपाईसुद्धा.

१७ मार्च
सकाळी पहिली मी पोचले. तिची रोपं ज्या बंद चेंबरमध्ये वाढतात त्याचा लाल दिवा लागलेला. गारवा बंद पडून आत नुसती भट्टी. पानं कडेनं वळलेली. आसपास कुणी नाही. तशीच चहाला गेले असते तर कुणाला कळणार होतं?
उभी राहिले. किती वेळ, ते लिहीत नाही.
मग माझ्या चेंबरमधली रोपं बाहेर काढली आणि तिची आत ठेवली. दुपारी सगळ्यांदेखत तिनं माझा हात धरला. "वहिनी, तुम्ही नसता तर —" तो हात झटकावासा वाटला.

२४ मार्च
घ्या! त्या भाजलेल्या रोपांत लाट दुप्पट वेगानं धावते. एकदा उष्णता सोसली की पेशी पुढच्या वेळी लवकर जाग्या होतात म्हणे. मॅडम हवेत तरंगतायत. शोध तिचा. माझी बाहेर काढलेली रोपं माना टाकून बसली, त्याचं कुणाला काही नाही.
जळफळाट होतोय. दुसरा शब्द नाही.

२ एप्रिल
कायमची एकच जागा निघाली आहे. मी अर्ज दिला. ती देणारच. जेवताना तिनं माझ्याकडे मीठ मागितलं. ऐकू न आल्यासारखं केलं. नवऱ्यानं दिलं.

२० एप्रिल
उद्या मुलाखत. तिच्याकडे बघवत नाही.

२९ एप्रिल
जागा मला मिळाली. तिनं अर्जच केला नव्हता — आणि पुढच्या महिन्यापासून ती येणारही नाही. मॅडमना कधीच सांगून झालंय. जिन्यात गाठून विचारलं, का गं? हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत, वहिनी. जागा मला मिळाली असती, तर त्या घरात मी राहिले कशी असते?"