खंडेनवमीचं कुंकू

दूधविनायक, काशी
४ नोव्हेंबर १९९८

प्रिय रत्नाकर,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू दचकला असशील. दचकायलाच हवंस. इकडे सगळं ठीक आहे, आई अजून रोज मंगला गौरीच्या पायऱ्या चढते, आणि तुझ्यावरचा माझा राग तिच्याहून धडधाकट आहे.

आपल्या लेझरचं पिनहोल आठवतं ना? पातळ चकतीतलं केसाहून बारीक छिद्र, किरण त्यातून गाळून निघायचा. त्याला बोट लावायचं नाही, कापूस तर नाहीच. रबरी फुग्याने हवा मारायची, मंद किरण बरोबर मधोमध आणायचा आणि मगच ताकद वाढवायची. तीन वर्षं मी ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तू मला सोवळी म्हणून चिडवायचास.

मग ती खंडेनवमी. प्रयोगशाळेत आपण दोघंच होतो. घरच्या रिवाजाप्रमाणे तू यंत्रांची पूजा केलीस, लेझरला कुंकू लावलंस आणि वर त्या चकतीलाही. मी दाराबाहेर उभी होते. तू करंडा पुढे केलास, मी नकारार्थी मान हलवली, तू समजून हसलास. दसरा झाल्यावर न तपासता पूर्ण ताकदीने किरण सोडलास. छिद्रात बसलेलं कुंकू जळलं, कड वितळली, नवी चकती परदेशातून येईपर्यंत सगळ्यांचंच काम वर्षभर अडलं. आपल्या सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांना जमवून काशीनाथ सरांनी विचारलं, कुंकू कोणी लावलं? तू बेधडक माझं नाव घेतलंस. बाईमाणूस आणि कुंकू, कोणाला शंका येणार? त्या दिवशी मी बाहेरची होते, करंड्याला शिवणंही मला चालत नव्हतं, हे पाच पुरुषांसमोर कोणत्या तोंडाने सांगणार होते? आळ अंगावर घेतला. माझं संशोधन सुटलं, आपलं ठरलेलं लग्नही तूच मोडलंस. मेल्या, मी बोलणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं!

त्याच प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी तू सोमवारी मुलाखतीला येतोयस, हे कळलं. काल मी निवड समितीपुढे गेले. काशीनाथ सर अध्यक्ष आहेत. पाळी हा शब्द उच्चारून सगळं सांगितलं. सर कर्मठ घरातले, शिवाशिव त्यांना समजावून द्यावी लागली नाही. त्यांनी माझी माफी मागितली. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. ये किंवा नको येऊस. पण माघार घेतलीस तर समितीला कारण लेखी द्यावं लागेल, आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाईल.

एकेकाळची तुझीच,
शरदिनी