इथं उजेड बरा आहे

काजं करणाऱ्या मावशी,

कटिंगमास्तरनं माझ्यावर कात्री रोखून "बाहेर भेट, बघतोच तुला" असा दम दिला, तेव्हा मी तीनदा मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "त्याच्यासारखा हात दुसरा नाही. जरा सांभाळून घ्या."

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं मशीन ओढत आणून माझ्या आणि कटिंगमास्तरच्या मधे ठेवलंत. "इथं उजेड बरा आहे," एवढंच म्हणालात. त्या जागेवर दिवाच नव्हता, मावशी. निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथंच डोळे बारीक करून काजं केलीत.

हे पत्र पाठवणार नाही. "मी काय केलं गं?" म्हणून मलाच झापाल.

आज कटिंगमास्तरनं नव्या मुलीला दम दिला. मी माझं मशीन मधे ओढलं. तिनं कारण विचारलं, तर उत्तर मला पाठ होतं.

तुमच्या आडोशानं टिकलेली,
कॉलरवाली