इंजनवर फोडलेला नारळ

३० सप्टेंबर, मंगळवार

मोबाइलात पाहून गाडी दुरुस्त होते काय! राजकुमारनं सकाळपासून इंजन उघडून ठेवलं. "माय, स्पार्क प्लग बदलतो, घरच्या घरी." चाळिशीतलं पोरगं, अन् पाना उलटा फिरवून राह्यलं! गरम इंजनले हात लावला, कोकलला. टॉर्च म्या धरायचा, पाना म्या द्यायचा, घाम सूनबाईनं, सुचितानं, पुसायचा. जुने तीन प्लग चुलीतल्या कोळशासारखे निघाले. नवे बसवले. गाडी चालू झाली तं असा पाहे, जसं विमान बनवलं!

रविवारी मले रोहिणखेडले नेतो म्हणे. माही बहीण सुभद्री खाटेवर हाय. जेवण सोडलं तिनं.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा. या दीडशहाण्यानं बोनेट उघडलं अन् नारळ इंजनवरच फोडला! "नवे प्लग हायेत, त्यायलेच निवद." सारं पाणी प्लगच्या खड्ड्यात. गाडी दमेकऱ्यासारखी खोकून राह्यली. "अबे गाढवा, नारळ चाकापुढे फोडतात!" सुचिता पदर तोंडाले लावून हसे. दिवसभर मंग प्लग काढ, पूस, वाळव. आता तं डोळे मिटून मीबी काढीन.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चालू झाली एकदाची.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी पुन्हा बंद! प्लगची वायर निघालेली. "उंदीर असन," म्हणे राजकुमार. उंदराले काय पडलं हाय? राजकुमारनं वायर लावली अन् गावात गेला.

दुपारी पाहते तं सुचिता! बोनेटात हात, मुठीत वायर. डोकंच फिरलं माहं. "काऊन वं? माही बहीण मरून राह्यली, अन् तुले मी तिचं तोंडबी पाहू नये वाटते?" तोंडात आलं ते बोलली. तिच्या माहेरचीबी उद्धारली.

ती तिथीच बसली. "आत्याबाई, मागच्या हप्त्यात राजूरच्या घाटात ह्यायच्या डोळ्यापुढे अंधारी आली. गाडी कठड्याले घासली. दवाखान्यात जात नाहीत. 'मायले सांगशील तं पाहा' म्हणतात."

गाडीवरचा ओरखडा इचारला, तं भिंतीले घासली म्हणे मले! भिंतीले! अन् त्याच घाटातून मले नेऊन राह्यला होता. नालायक!

सुचितालेबी म्हटलं, "मले काऊन नाही सांगितलं? मी काय शेजारीण हाय?" ती रडली. रडू दिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

तो आंघोळीले गेला तवा निघाली. एसटीनं. घाटात डोळे उघडे ठेवले.

सुभद्रीनं ओळखलं. बारीक आवाजात म्हणे, "माह्यासाठी काय आणलं वं?" म्या पिशवी उपडी केली. नवे तीन प्लग, जुने तीन प्लग, अन् पाना.

राजकुमारचा फोन. लय ओरडला. म्हटलं, आधी दवाखान्यात जाय. मंग प्लग न्यायले ये. एसटीनं.