भट्टीजवळची खुर्ची

प्रिय खारूताई,

यंत्राला हुकूम द्यायची ती भाषा मला फुकट मिळाली, असं मी तुला लहानपणापासून सांगत आलोय. नव्या यंत्राच्या खोक्यात तळाशी एक जाडजूड पुस्तक होतं, कुणी नेईना, मी नेलं. परवा गॅलरीत बसून जरा नीट हिशेब केला. एक जिवलग मित्र गेला. तुझ्या आईला दुसऱ्या गावी मिळत असलेली मोठ्या शाळेतली मुख्याध्यापकाची जागा गेली, कारण त्या गावात या भाषेवर मला काम देणारं कुणी नव्हतं. तुझं शाळेतलं एकही नाटक मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. कारखान्याच्या भट्टीवरून फोन आला की उठायचं, माझ्याऐवजी बोलावणार कुणाला? फुकटची वस्तू इतकी महाग पडलेली मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि तरीही, खरं सांगू? मला ती महाग वाटली नाही. म्हणूनच हे पत्र लिहायला जड जातंय.

तुझा फोन आल्यापासून घरात उलटी गंगा वाहतेय. आई गुणगुणत कपाटं आवरतेय आणि एरवी बडबडणारा मी गप्प. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार, माझी खुर्ची कारखान्याने तुला देऊ केली, सोमवारपर्यंत तू होकार कळवायचाय, आणि त्यासाठी तिकडची संगणक कंपनीतली मोठी नोकरी, ती नुकतीच मिळालेली तुकडीप्रमुखाची जागा, तू सोडणार. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, इथे मी दिवसभर दुसऱ्यांनी केलेले प्रोग्रॅमचे ठोकळे एकावर एक रचते. तुम्ही शिकवलेल्या आपल्या भाषेत मी विचार करत होते." हे वाक्य ऐकून माझी छाती केवढी फुगली, ते तुला दिसलं नाही हे बरं झालं.

कारण ते खरं आहे. मी त्या कारखान्यात काचेच्या बाटल्या खोक्यात भरायला लागलो होतो. भट्टीवर नवं यंत्र बसलं तेव्हा ते शिकवायला आलेला माणूस आठवडाभर बोलला आणि निघून गेला. मला त्याचं अर्धं कळलं नाही, पण एक कळलं, की या भाषेत यंत्राला शब्द शिकवायचे असतात. आधी बारके शब्द, त्यातून मोठा, त्याहून मोठा, अगदी पोराला बोलायला शिकवावं तसं. शेवटी अख्खी भट्टी एका शब्दात मावते. आणि कुठला शब्द ठेवायचा, हे आपलं आपण ठरवायचं. मी आपल्या घरातले ठेवले. 'जागी हो', 'दम धर', 'पुरे आता'. भट्टी पेटलेली असताना, काही न थांबवता, एक शब्द काढून दुसरा ठेवता येतो, चालत्या गाडीचं चाक बदलावं तसा. असं पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरी येऊन तुझ्या आईला उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं. म्हणजे सवत आणलीत." तेव्हापासून आपल्या घरात भाषेचं नाव सवत. तू बोलायला लागल्यावर आईची सवत म्हणजे आपली कोण, असा विचार करून तिला धाकटी आई म्हणायला लागलीस, आणि पाहुण्यांसमोर माझी पंचाईत केलीस.

तुला आठवतंय का, ठाऊक नाही. बाटली भट्टीतून निघाली की एकदम गार करून चालत नाही. वरून धड दिसते, आणि मग कधीतरी कुणाच्या तरी हातात टिच्‌ करून तडकते. लांब बोगद्यातून ती सावकाश गार करावी लागते. त्या कामाला शब्द शोधत मी जेवताना बसलो होतो. तू आमटीवर फुंकर मारत म्हणालीस, "हळूहळू ठेवा." मी ठेवला. तो अजून तिथे आहे, खारूताई. तेव्हापासून त्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक बाटली तुझ्या शब्दातून गेलीय. आता सांग, अशा भाषेवर माणूस रुसणार कसा?

पण हाच तिचा गोडवा आणि हीच तिची खोड. माझे शब्द माझ्या घरचे. दुसऱ्याला ते वाचायचे तर आधी माझ्या घरात जेवायला यावं लागतं. तो जिवलग मित्र लंबू आणि मी ती एकत्रच शिकलो. तो माझ्यापेक्षा चलाख, पण वर्षभरात सगळे वापरतात ती भाषा शिकून निघाला. जाताना म्हणाला, "अरे, विहिरीत राजा होण्यापेक्षा नदीत बेडूक झालेला बरा. बेडकाला निदान पुढे जाता येतं." मी त्याला म्हणालो, "जा, डराव डराव कर." गमतीत म्हणालो, त्याला लागलं, आणि मीही पुन्हा फोन केला नाही. नंतर कारखान्याने माझ्या हाताखाली किती पोरं-पोरी दिल्या. सगळी हुशार. एकीने तर महिन्यात माझ्याहून नेटकं लिहायला सुरुवात केली. मग एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाली, "काका, भाषा फार गोड आहे हो तुमची. पण उद्या दुसरीकडे अर्ज करताना मी लिहू काय?" मी म्हणालो, "लिही, अमृत प्यायले." ती हसली. पुढच्या पगारानंतर आली नाही. तिचं काही चुकलं, असं मला आज वाटत नाही. अमृत पिऊन घरभाडं भागत नाही.

तू मात्र ऐकणाऱ्यातली नाहीस. मी फोनवर हे सगळं आडून आडून सुचवायला लागलो, तर तू माझंच हत्यार माझ्यावर उगारलंस. "भाषा मेली असती तर दरवर्षी तुमचं संमेलन भरलं असतं का? अध्यक्ष आहात ना तुम्ही?" आहे ना. ही भाषा वापरणाऱ्या सगळ्यांच्या संमेलनाचा सलग अध्यक्ष, दर वेळी बिनविरोध. माईकसमोरचा माझा तो फोटो बैठकीत टांगलाय, तुझ्या मैत्रिणी आल्या की तू त्याच्याखाली त्यांना उभं करायचीस. यंदाचं कसं झालं विचारलंस तेव्हाही मी काय म्हणालो? "दणक्यात." भरल्या सभागृहात बोलताना घसा बसला, असंही वर म्हणालो वाटतं.

आता गुरुवारचं सांगतो. तुझी आई म्हणते, भिंतीला कान असतात हे ठीक, पण यांच्या कानांना भिंतच नाही. धाकट्या मालकांच्या केबिनला लागून हवेचा कंप्रेसर आहे. तो सुरू झाला की आत बोललेलं बाहेर जात नाही, असा त्यांचा समज. मी जन्मभर त्या गोंगाटातून एकेक आवाज वेगळा करत आलोय. कुठली कडी सैल झाली ते मला जिन्यावरून कळतं. मी निवृत्तीच्या कागदांवर सही करायला बाहेर बाकावर बसलो होतो. आत हिशेबनीस विचारत होते, "पोरगी हुशार आहे म्हणतात. वर्षभरात दुसरीकडे उडाली म्हणजे?" धाकटे मालक हसले. "उडून जाते कुठे? त्या भाषेला आणखी विचारतंय कोण? बाप गेला का कुठे? दोन वर्षं सांभाळेल, तोवर नवी यंत्रणा बसेल. मग बघू तिचं काय ते."

बाप गेला का कुठे. हसत म्हणाले, वाईट मनाने नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हाच हिशेब मांडला असता, आणि तो चुकला नसता. पण मी त्या बाकावर बसून माझी सगळी वर्षं उलट क्रमाने पाहिली. मला वाटायचं, माझ्यावाचून भट्टी चालत नाही म्हणून मला जपतात. दिवाळीला नव्हे, वाढदिवसाला नव्हे, कधी मधेच बोलावून पाठीवर थाप मारायचे, पगार मात्र बेताने वाढवायचे. मी ती थाप घेऊन नाचत घरी यायचो. ते मला धरून ठेवत नव्हते, बाळा. मला जायला जागा नव्हती, आणि हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. मी सही केली, पेन परत दिलं, आणि हिशेबनिसांनी चहा विचारला तर तोही प्यायलो.

खरं तर मला तू यायला हवी होतीस. हे लिहिल्याशिवाय पत्र खोटं होईल. तू माझ्या खुर्चीत बसलेली, मी घरी, आणि रोज संध्याकाळी तू येऊन सांगतेयस की आज अमुक शब्द मोडून तमुक केला. इतकं मी मनात रंगवून ठेवलं होतं. या वयात माणसाला आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी लागतं. पण त्यासाठी तू चाळिशीला आल्यावर हातात एक सुंदर भाषा घेऊन दारोदार फिरावंस, एवढी तहान मला नाही. तिच्यावर जीव लाव, हवा तेवढा लाव. पण तिच्यावर पोट ठेवू नकोस. सोमवारी नाही म्हणून कळव. ठोकळे रच. सुट्टीत घरी ये, सरावाला घरी आणलेलं जुनं यंत्र मी भंगारात जाऊ दिलेलं नाही, पलंगाखाली आहे, आपण दोघं त्याला नवे शब्द शिकवू. आईला गुरुवारचं सांगितलं. तिने आवरत असलेलं कपाट बंद केलं आणि म्हणाली, "तिला सगळं लिहा. संमेलनाचंसुद्धा."

तर तेही लिहितो, कारण तुझ्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी फोनवर टाळलं होतं आणि हे पत्र त्यासाठीच आहे. तुझा होकार माझ्या त्या फोटोवर उभा आहे. त्या फोटोत मी आहे, माईक आहे. समोरचं काही दिसत नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही. पहिली काही वर्षं खरंच पुढच्या रांगा भरायच्या. मग लोक दुसऱ्या भाषांकडे गेले, काही निवृत्त झाले, काही वारले, आणि मी बिनविरोध निवडून येत राहिलो. यंदा आम्ही तिघं होतो. त्यातला एक सभागृहाची चावी घेऊन आला होता.

तुझाच,
बाबा