सायकलीचा गोल

५ जून २००६, लातूर
सकाळी सायकलीच्या गोलावर गेले तर दोघं फीत धरून जागा मोजत होते. "क्लासचं होस्टेल होणार हाय, मावशी." सायकलीच्या ट्रॅकवर होस्टेल! त्यांच्या फितीवरूनच पाच चकरा मारल्या. वय त्रेपन्न. दम लागला, थांबले नाही.

६ जून
नगरपालिकेच्या ऑफिसात तक्रार द्यायला गेले. कारकून म्हणे, "ट्रॅक असा कागदावर न्हाईच. पडीक जागा हाय."
पडीक! जिल्ह्याच्या शर्यतीत इथंच तर मी... जाऊ दे. घरी येऊन त्या शर्यतीतला पितळी कप घासला. हात काळे. राग तसाच.

८ जून
सलीमभाईंच्या सायकल दुकानात. गोल त्यांनी न् तालमीतल्या मंडळींनी श्रमदानानं बांधला. एका वळणाचा उतार चुकला तर फोडून परत ओतलं. म्हणाले, "सुमन, फोडायला येतील त्यांना म्हणावं, आधी एक चक्कर मारून दावा."

९ जून
क्लासचे सर स्वतः माझ्या खानावळीत आले. त्यांच्याच पोरी माझ्याकडं जेवतात. "काकू, होस्टेलची मेस तुम्हालाच. तक्रार तेवढी मागं घ्या."
नाही म्हटलं.
"मग पोरी दुसरीकडं जेवतील."
"जेवू द्या."
ते गेल्यावर रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळायला घेतली.

१२ जून
एकही पोरगी आली नाही. वरण-भाजी शेजारी वाटली.

१४ जून
सलीमभाई गंगाबाईला घेऊन आले. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं घर गेलं, सासू गेली. मग गोलावरच पत्र्याची शेडं उभी राहिली, त्यात ही दीड वर्ष राहिली. लेक तिथंच झाली. पिशवीतून जन्मदाखला काढला. पत्ता: पत्र्याचे शेड, सायकल ट्रॅक. खाली त्याच ऑफिसचा शिक्का!
"लागंल तर मी येते संगं," म्हणाली.

१६ जून
गंगाबाईला घेऊन गेले, दाखला कारकुनासमोर ठेवला. "कागदावर न्हाई म्हणलात ना?" त्यानं उलटून पाहिला. "सायबांना इचारावं लागंल." झेरॉक्स दिली. मूळ दाखला गंगाबाईनं लगेच परत पिशवीत घातला. काम थांबवल्याचं लेखी मागितलं. दिलं नाही.

१८ जून, रवि.
म्हणून आज शर्यत ठेवली. नऊ सायकली. सलीमभाईंनी चुन्याची रेघ मारली. खानावळीतल्या चार पोरी क्लास बुडवून आल्या! तेवढ्यात जेसीबी आलं. ड्रायव्हर ओरडला, "बाजूला व्हा!" कुणी उतरलं नाही. फिरतच राहिलो. शेवटी त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरून तंबाखू मळत बघत बसला.

१९ जून
नगरपालिकेचं पत्र आलं. सुनावणी होणार, तारीख मागून कळवू. जेसीबी वळणाशी तसंच उभं. खानावळ रिकामी. मी गोलावर.
गंगाबाई म्हणे, मलाबी शिकवा. लुगड्याचा काष्टा मारला. मी कॅरिअर धरलं.
"सोडू नका हं, बाई!"
सोडलं. दहा-बारा हात गेली, पडली. उठून धूळ झटकली.
"धरा परत."